मृदुभाषी आत्याबाई

अंजनगावच्या आत्याबाईंच्या शोकसभेत एका वक्त्याने त्यांना 'मृदुभाषी' म्हटलं, तेव्हा आमचं अख्खं कुटुंब खाली मान घालून स्वतःच्या पायांचे अंगठे बघायला लागलं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची मोठी बहीण. जी गोष्ट चारचौघांत बोलायची नसते, ती त्या चारचौघे जमेपर्यंत राखून ठेवत.

माझा मुलगा अकोल्यात जन्मला आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की त्याला शीची जागाच नाही, आतडं आतल्या आत बंद आहे. अमरावतीला तीन ऑपरेशनं करावी लागतील. आधी पोटावर तात्पुरती वाट काढायची, मग खाली नवी जागा करायची, शेवटी पोटावरची वाट बंद करायची. खालची वाट चालली तर मूल चारचौघांसारखं वाढेल. नाही चालली तर काय, ते कोणी नीट सांगेना.

मामाजी, म्हणजे माझे सासरे आणि आत्याबाईंचे 'बापू', निवृत्त मुख्याध्यापक आणि एका शिक्षण मंडळाचे अध्यक्ष. नातवाच्या बारशासाठी त्यांनी लॉन हेरून ठेवलं होतं. नातेवाइकांना त्यांनी कळवलं, "बाळाच्या पचनसंस्थेत किरकोळ अडचण आहे." परिणामी अकोटपासून मोर्शीपर्यंतच्या लोकांनी आम्हाला फोनवर ओव्याचं पाणी सुचवलं.

आत्याबाई मात्र एसटीने थेट अमरावतीच्या दवाखान्यात आल्या. त्यांनी बाळाचं दुपटं सोडलं आणि त्याला उलटंसुलटं करून पाहिलं. "सगळं बेस केलं देवानं. नाक बापाचं, कान बापूचे. नेमकं भोक पाडाचं राहिलं. देवबी ठेकेदारच निघाला." मला हसू आलं. टाके दुखले, तरी बाळंत झाल्यापासूनचं ते पहिलं हसू होतं.

पहिल्या ऑपरेशननंतर घरी आलो. बाळाच्या पोटावर सारखं कापड बदलावं लागे. आत्याबाईंनी आपली जुनी, मऊ झालेली लुगडी फाडून ढीग लावला. मामाजी दुरूनच चुटक्या वाजवत. कुरत्याला खळ होती. आत्याबाई म्हणाल्या, "बापू, तुयाबी पोटात हेच हाये. वरून इस्त्री केली, इतकंच."

एकदा मंडळाचे सभासद बाळाला पाहायला आले. मामाजींनी 'पचनसंस्था' एवढा शब्द उच्चारला आणि आत्याबाईंनी वाक्य हातात घेतलं. "लेकराले हागाची जागा नोती. डॉक्टरनं सध्या पोटावर केली. आता खाली करतीन." एका सभासदाने हातातलं बिस्किट परत बशीत ठेवलं.

खालच्या मजल्यावरच्या शहनाजभाभी बाळासाठी शिवलेलं झबलं घेऊन दारातच उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "आमच्या साजिदलेबी हेच होतं, आत्या. घरात कोणी बाहेर बोलू देलं नाही. आता दिवसभर सायकल हाणते."

साजिदची ती सायकल मी रोज बघत होते. दोन्ही घरांचा जिना एक, आणि त्याच जिन्यावर आम्ही दोघी एकमेकींना 'सब ठीक' म्हणत होतो. मी त्यांचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. आत्याबाई मामाजींकडे वळल्या. "पाय, बापू. शरमेनं कोणाचं पोट साफ झालं आजलोक?"

तिसऱ्या ऑपरेशनपर्यंत पोरगं रांगायला लागलं होतं. आत्याबाईंचे गुडघे धरले होते, म्हणून त्या अंजनगावलाच राहिल्या. पोटावरची वाट बंद झाली आणि अमरावतीच्या वॉर्डात आम्ही सगळे सुशिक्षित लोक एका ढुंगणाकडे डोळे लावून बसलो. सर्जन येत, पोट दाबून बघत आणि "वाट पाहू" म्हणत. मी देवाला नवस बोलायचं टाळत होते. त्याच्या कामाचा अनुभव ताजा होता.

एका सकाळी मी चहा घेत होते आणि मूल मामाजींच्या मांडीवर होतं. मामाजी एकाएकी ताठ झाले. पांढऱ्याशुभ्र धोतरावर पिवळं पसरत होतं. नर्स कापूस घेऊन धावली, तर म्हणाले, "राहू द्या जरा." मग एका हाताने त्यांनी अंजनगावला फोन लावला आणि प्रार्थनेच्या रांगेत शेवटच्या पोराला ऐकू जावा अशा आवाजात सांगितलं, "अक्का, पोरगं हागलं. खालून."

अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला.

"मंग रडून काहून राहिला, बापू?" आत्याबाई म्हणाल्या. "धू त्याले."