झालेल्या कामांचे फोटो

गटार खात्याच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत एक बाई बसायच्या. त्या काय काम करतात हे सांगितलं की ऐकणारा आधी हसायचा. बाई गटारांचे फोटो सुंदर करायच्या.

थट्टा नाही, खरंच. गटार तुंबलं की लोक तक्रार करायचे. मग ठेकेदाराची माणसं यायची, गाळ उपसायची किंवा उपसल्यासारखं करायची, आणि उघड्या चेंबरचा फोटो काढून खात्याकडे पाठवायची. तो फोटो बाईंच्या संगणकावर ‘आलेले’ नावाच्या फोल्डरमध्ये येऊन पडायचा. बाई तो उघडायच्या, उजेड वाढवायच्या, वाकडा असला तर सरळ करायच्या, कडेचा कचरा ब्रशने पुसायच्या आणि पुसलेली प्रत ‘झालेले’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवून द्यायच्या; मूळ फोटो ‘आलेले’मध्ये तसाच राहायचा. मग कागदावर ‘फोटो पाहिला, काम योग्य’ असं लिहून खाली आपली आद्याक्षरं. झाली तक्रार बंद. एकदा बंद झालेली तक्रार सहा महिने पुन्हा घ्यायची नाही, असा खात्याचा नियम होता. हा नियम करणाऱ्याच्या घरात जन्मात काही तुंबलं नसावं.

आणि या कामाला खात्याने सगळ्या शहरातून नेमकी हीच बाई शोधून काढावी, हा त्यातला खरा विनोद. बाईंना किळस फार. बसचा दांडा त्या रुमालाने धरायच्या. कुणी शिंकलं की यांची खुर्ची दोन हात मागे. दुसऱ्याचा कंगवा, ओलं पायपुसणं, कपाच्या काठावर राहिलेला ओठांचा डाग, नुसतं नाव काढलं तरी यांचं तोंड वाकडं व्हायचं आणि बारीक आवाजात ‘शी’ निघायचं. सगळं ऑफिस त्यांना पाठीमागे शीबाई म्हणायचं, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं. वय एकावन्न, लग्न केलेलं नाही. दोन माणसांत एक टॉवेल ही कल्पनाच पोरीला सोसली नाही, असं त्यांची मावशी चारचौघांत सांगायची.

खात्यात येण्याआधी त्या एका स्टुडिओत नवऱ्यामुलींच्या गालांवरचे फोड पुसायच्या. तेही किळसवाणंच, पण फोडांना निदान वास नव्हता. गटाराचा फोटो उघडला की बाईंना वास यायचा, पडद्यातून. म्हणून त्यांनी स्वतःपुरती एक पद्धत बसवली होती. फोटो उघडायचा, डोळे बारीक करायचे, मधल्या काळ्या भोकाकडे बघायचंच नाही. कडेला काय पुसायचं तेवढं बघायचं, पुसायचं, बंद करायचं. चाळीस सेकंदांत एक गटार.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या संगणकाने एक वेगळंच वळण घेतलं होतं. पूर्वी फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडायला गेलं की प्रत्येक नंबराच्या वर त्या फोटोचं छोटं चित्र दिसायचं. एके दिवशी ती चित्रं गेली. त्या जागी सगळ्यांना एकच करडं चिन्ह आणि खाली आकडा. दुसरं कुणी असतं तर ओरडलं असतं. बाईंना खरं म्हणजे बरंच वाटलं. पन्नास गटारं एकदम तोंड वासून बघताहेत, त्यापेक्षा आकडे परवडले. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही.

विचारायला हवं होतं, पण ते पुढे.

घाणीबद्दल बाई बोलायच्या ते फक्त मावशीपाशी. आई लवकर गेली, तेव्हापासून मावशीनेच वाढवलेलं. मावशी म्हणजे वेगळंच प्रकरण. चाळीस वर्षं इस्पितळात आया. लोकांचं सगळं काही दोन हातांनी काढलं, घरी येऊन साबणाने हात धुतले आणि त्याच हातांनी भाचीची वेणी घातली. मावशी तळमजल्यावर दीड खोलीत राहायची. दाराशी लाल रंगाची पायरी, तिचा एक कोपरा फुटलेला, आणि पायरीला लागूनच गल्लीतला चेंबर. संध्याकाळी मावशी त्या पायरीवर बसायची आणि बाई तिला ऑफिसातली गाऱ्हाणी सांगायच्या. लोक किती घाणेरडे आहेत बघ, आजही गटाराच्या कडेला चप्पल. परवाही होती. निळी, डाव्या पायाची, अंगठा तुटलेली. पुसून पुसून माझा हात दुखतो.

“सगळ्यांची डावीच कशी गं हरवते?” मावशीने एकदा विचारलं होतं. बाईंनी नाक मुरडलं आणि विषय बदलला.

मग मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सोमवारी झालं, शनिवारी घरी सोडणार होते. डॉक्टरांनी बजावलं होतं की जखमेला ओल लागता कामा नये, जमीन कोरडी आणि स्वच्छ पाहिजे, या वयात जखम चिघळली तर पाय वाचवणं अवघड. बाईंचं स्वतःचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, तेव्हा मावशीला तिच्या खोलीतच आणायचं ठरलं. बुधवारी बाई झाडलोट करायला गेल्या. दार उघडलं आणि त्या उंबऱ्यातच थांबल्या. बाथरूमच्या जाळीतून काळं पाणी वर आलं होतं. खाटेचे पाय बुडालेले. पाण्यावर केसांचा एक पुंजका फिरत होता, आणि त्याच्यामागून आणखी काय काय फिरत होतं ते लिहिण्यासारखं नाही. बाईंनी तोंडावर रुमाल दाबला आणि बाहेर येऊन गल्लीच्या कोपऱ्यावर ओकल्या.

तक्रार नोंदवायला गेल्या तर कळलं, नोंदवता येत नाही. त्या पत्त्यावरची तक्रार शेजाऱ्यांनी दोन महिन्यांपूर्वीच केली होती. काम झालं, फोटो जोडला, तक्रार बंद. खाली बाईंचीच आद्याक्षरं; पत्ता तेव्हा त्यांनी वाचलाच नव्हता. बाई तडक साहेबांकडे गेल्या. साहेब शांत माणूस, आवाज कधी चढवायचे नाहीत. म्हणाले, फोटो आहे म्हणजे काम झालंय. फोटो त्या जागेचा नाही असं दाखवा, मी लगेच तक्रार उघडतो.

दाखवायचं कसं? नोंदवहीत फोटोचा नंबर लिहायची पद्धत नव्हती. फोल्डरमध्ये तीनशेवर फाइली, सगळ्यांवर तेच करडं चिन्ह. लाल पायरी कुठेतरी दिसेल म्हणून बाई एकेक उघडायला लागल्या. या वेळी डोळे बारीक करून चालणार नव्हतं. एकोणीस फोटो झाले आणि त्यांना गरगरायला लागलं. शेवटी त्यांनी संगणकवाल्याला बोलावलं. या गृहस्थांना ऑफिसात रीस्टार्ट म्हणत, कारण प्रिंटरपासून पंख्यापर्यंत कशावरही त्यांचा तोच एक इलाज होता.

रीस्टार्टनी आल्या आल्या मशीन बंद करून चालू केलं. करडी चिन्हं तशीच. बाई म्हणाल्या, पूर्वी छोटी चित्रं दिसायची, ती पाहिजेत मला.

“ती मीच बंद केली होती,” रीस्टार्ट सहज म्हणाले. “साहेबांनीच सांगितलं. मशीन स्लो होतं म्हणे.”

मशीन त्याआधी जेवढं रखडायचं तेवढंच नंतरही रखडत होतं, हे दोघांनाही माहीत होतं. रीस्टार्टनी फोल्डरच्या सेटिंगमध्ये जाऊन एक ओळ दाखवली: नेहमी चिन्हंच दाखवा, चित्रं नकोत. तिच्यापुढे टिक होती. त्यांनी ती काढली आणि चहाला निघून गेले. दोन वर्षांचं काम एका टिचकीचं होतं.

‘आलेले’मध्ये चित्रं भरायला लागली. वरच्या ओळीत, मग खालच्या, नखाएवढी गटारं. बाई रुमाल नाकाशी धरून लाल रंग शोधत होत्या. लाल कुठेच नव्हतं. होती ती निळी. उजव्या कोपऱ्यात एक निळा ठिपका. खालच्या ओळीत तोच. त्याखाली डाव्या कोपऱ्यात, पण तिथे फोटोच उलटा फिरवलेला. कुठे जरा अंधारा केलेला, कुठे कडा कापलेला. तेच चेंबर, झाकणाला तोच तडा, आणि कडेला तीच चप्पल, डाव्या पायाची, अंगठा तुटलेली. बाईंनी पेन्सिल घेऊन कागदावर रेघा मारल्या. एकसष्ट झाल्या.

एकसष्ट गल्ल्यांतली गटारं साफ झाल्याचा पुरावा म्हणून एकाच गटाराचा फोटो. आणि चौदा महिन्यांत, एका वेळी एक, बाईंनी त्यातून तीच चप्पल एकसष्ट वेळा पुसली होती. प्रत्येक वेळी लोकांना नावं ठेवत पुसली होती. प्रत्येक कागदावर लिहिलं होतं, फोटो पाहिला.

पाहिला कुठे होता? नाकाने कांदे सोलत बसलो, म्हणून कुणीही यावं आणि आपल्याकडून घाण धुऊन न्यावी. बाईंनी बेसिनशी जाऊन तीनदा हात धुतले. साबणाची वडी अर्धी झाली, तरी हात हातांसारखे वाटेनात. आयुष्यभर त्यांना दुसऱ्यांची किळस येत आली होती. आज स्वतःची आली, आणि तिला रुमाल लावायची सोय नव्हती.

त्यांनी साहेबांना बोलावून पडदा दाखवला. साहेबांनी चष्मा पुसला, पाहिलं, जराही दचकले नाहीत. तेवढ्यावरून बाईंना काय ते समजलं.

“हे असं एकत्र बघायचं नसतं,” साहेब म्हणाले. “एकेक उघडून बघायचं असतं. आणि बाई, प्रत्येकाखाली सही कुणाची आहे?”

एवढं बोलून ते गेले. जाता जाता रीस्टार्टना हाक मारली, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर बाई येऊन बघतात तर सगळीकडे पुन्हा करडी चिन्हं.

ती गुरुवारची दुपार. हे बाहेर काढलं तर आधी त्यांचीच मान अडकणार होती. साहेबांनी कुठे काही लिहिलेलं नव्हतं, ठेकेदाराने फक्त फोटो पाठवले होते, खोटं म्हणून कागदावर जे काही होतं ते बाईंच्या अक्षरात. नोकरीची सात वर्षं राहिली होती. गप्प बसलं तर सगळं सुरळीत. फक्त परवा मावशीला, ताज्या टाक्यांसकट, त्या पाण्यात आणून निजवायचं. एवढंच.

टिक कुठे असते ते आता त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ती स्वतः काढली. एकसष्ट चित्रं एका मोठ्या पानावर ओळीने मांडली आणि पान छापलं. खाली हाताने लिहिलं: यातली चप्पल मी पुसली आहे. मूळ फोटो ‘आलेले’ फोल्डरमध्ये आहेत. या एकसष्ट ठिकाणी काम झालेलं नाही. त्यातली एक तक्रार माझ्या मावशीच्या गल्लीची आहे, ती आज उघडावी. या वेळी आद्याक्षरं नाहीत, पूर्ण नाव. तीन प्रती केल्या आणि खालच्या मजल्यावर आवक-जावकच्या बाईंकडे नेल्या. त्यांनी न वाचताच शिक्का मारला, नंबर टाकला, एक प्रत मोठ्या साहेबांच्या टपालात गेली. नंबर पडलेला कागद गिळता येत नाही, एवढं खात्यात बावीस वर्षं काढलेल्या माणसाला कळतं.

शुक्रवारी बाईंच्या टेबलावर लिफाफा आला. खोट्या फोटोंना मान्यता दिल्याबद्दल कारवाई का करू नये, आठ दिवसांत खुलासा करा. खाली साहेबांची सुबक सही. शनिवारी सकाळी नऊ वाजता मावशीच्या गल्लीत गाळ ओढायची गाडी आली. कुणाला दया आली म्हणून नव्हे. चौकशी लागलीच तर निदान ती एक जागा साफ दिसावी म्हणून.

बाई आधीपासूनच तिथे होत्या. पाइप चेंबरमध्ये गेला, गाडी गुरगुरली, आणि जे वर आलं त्याने गल्लीतल्या खिडक्या पटापट बंद झाल्या. बाई हलल्या नाहीत. अर्ध्या तासाने आतलं पाणी जाळीतून गळगळत खाली गेलं. जमिनीवर बोटभर काळा थर राहिला, तो बाईंनी खराट्याने लोटला, फिनेल ओतलं, पुन्हा लोटला. दर लोटण्याला ‘शी’ म्हणत होत्या आणि लोटत होत्या. दुपारी मावशी यायची होती, तोवर फरशी वाळायला हवी होती.

बाहेर ठेकेदाराचा माणूस फोन काढून चेंबरपाशी उभा राहिला. बाईंनी ते पाहिलं, खराटा ठेवला आणि जाऊन लाल पायरीसमोर, चेंबरच्या अगदी काठावर उभ्या राहिल्या. गाळ घोट्यापर्यंत आला.

“ताई, जरा बाजूला व्हा,” तो म्हणाला. “फोटोत तुम्ही येताय.”

“येऊ दे,” बाई म्हणाल्या. “म्हणजे हा फोटो दुसऱ्या गल्लीत चालणार नाही.”

त्याने गाडीवाल्याकडे पाहिलं. गाडीवाल्याने खांदे उडवले. फोटो निघाला.

सोमवारी तो ‘आलेले’मध्ये येऊन पडला. बाईंनी आधी टिक काढली, कारण ती पुन्हा कुणीतरी लावून ठेवली होती. मग फोटो उघडला. लाल पायरी, तिचा फुटलेला कोपरा, आणि घोट्यापर्यंत काळे झालेले स्वतःचे पाय. ‘शी,’ त्या म्हणाल्या. सवयीने हात ब्रशकडे गेला होता, तो मागे घेतला. डोळे पूर्ण उघडून त्यांनी मधल्या भोकात पाहिलं, तळाशी वाहतं पाणी दिसेपर्यंत पाहिलं. मग काहीही न पुसता फोटो ‘झालेले’मध्ये ठेवला, कागदावर ‘फोटो पाहिला’ असं लिहिलं आणि खुलासा लिहायला घेतला.