डिसेंबरच्या पानावरचं चर्च

शहाद्याच्या हिलालच्या स्टुडिओत गेलेला मयत माणूस जिवंतपणी होता त्याहून देखणा होऊनच बाहेर यायचा. कोणाच्या आजोबांचा मतदान कार्डावरचा बोटभर फोटो, कोणाच्या काकूचा पंगतीतला अर्धा चेहरा घेऊन नातेवाईक यायचे. मग हिलाल कॉम्प्युटरवर बसून मिटलेले डोळे उघडायचा, विटक्या पातळाच्या जागी पैठणी नेसवायचा, कपाळावर ठसठशीत कुंकू ठेवायचा. बाराव्याला हार घालायच्या फोटोसाठी पार धडगावाहून लोक त्याच्याकडे येत. आता त्याची स्वतःची बायको, रेवाबाई, गेली होती. देवापुढे दिवा लावायला बसली ती उठलीच नाही. आज नववा दिवस होता आणि भिंतीवर लावायला हिलालकडे तिचा एकही फोटो नव्हता.

ऐकणाऱ्याला संताप येईल. मलाही आला होता. पण हिलाल काही वाईट माणूस नव्हे, बायकोवर त्याचा जीव होता. त्याला वेड होतं ते कॅलेंडरचं. हुकमीचंद शेठ कापडाच्या दुकानातून दरवर्षी गिऱ्हाइकांना बारा पानांचं कॅलेंडर वाटायचे. त्यावर देवांचे फोटो नसत, कारण देव छापला की वर्ष संपल्यावर तो टाकायचा कुठे ही लोकांना पंचाईत. म्हणून देखावे, आणि देखावे बावीस वर्षं हिलालचे. तोरणमाळचे काळेकभिन्न कडे, कोण्या काळी जमिनीतून उसळून थरावर थर गोठलेले. सीताखाईत कोसळणारं पाणी. आणि नवापूरकडची बरीच गिऱ्हाइकं ख्रिस्ती, म्हणून डिसेंबरच्या पानावर न चुकता एखादं चर्च. शेठची अट एकच होती. "हिलालभाऊ, चेहरा नको. परक्या माणसाचं तोंड वर्षभर भिंतीवर कोण सहन करणार?"

या फिरतीत रेवाबाई कायम मागच्या सीटवर असायची. मांडीवर आडवा ट्रायपॉड, पिशवीत कळण्याची भाकर आणि ठेचा. सात पायरी घाटात मोटारसायकल दमली की ती उतरून चालायची आणि वर येऊन त्यालाच पाणी द्यायची. धबधबा किती उंच आहे ते कळायला पायथ्याशी माणूस लागतो, तर ते माणूस तीच. हिलाल लांबून ओरडायचा, "पाठ कर!" आणि ती निमूट पाठ करून पाण्याकडे बघत उभी राहायची. तुषारांनी चिंब व्हायची. असे कितीतरी फोटो त्याच्याकडे होते. नखाएवढी बाई, पाठमोरी.

लेक गायत्री पहिल्याच दिवशी सासरहून आली होती. तिनेही शोधलं. लग्नाच्या अल्बममधे आईची मान खाली आणि तोंडावर मुंडावळ्या. गायत्रीच्या लग्नात फोटो काढायला बापच, आणि पाठवणीला आईचा पदर डोळ्यांवर. नातेवाइकांच्या मोबाइलमधे तर ती सापडणंच कठीण, कॅमेरा निघाला की बाई चहा ठेवायला आत. फोटोवाल्याची बायको म्हणून सगळे चिडवायचे आणि ती हसून हात आडवा धरायची.

"नाना, आधारवरना लावूत," गायत्री शेवटी म्हणाली.

"गुन्हेगारना गत दिसस तठे ती," हिलाल खेकसला. "साऱ्या गावना फोटो मी करस. मन्ही बायकोना आधारवरना लावू?"

आणि तो पुन्हा कॉम्प्युटरपुढे जाऊन बसला. वर्षामागून वर्ष उघडत गेला. कडे, पाणी, कडे, धुकं, पाणी. आपण इतकी वर्षं दगडांचे फोटो काढले, हे त्याला पहिल्यांदाच दिसलं आणि त्या दगडांचाच राग आला.

दुपार कलल्यावर गोव्याचा फोल्डर उघडला. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून दोघं गेली होती. म्हणजे रेवाबाई त्यासाठी गेली होती, हिलाल डिसेंबरच्या पानासाठी. पांढरं शुभ्र चर्च, समोर रुंद पायऱ्या, आणि आभाळ भरून आलेलं. दोन तास तो उन्हाची वाट बघत होता. रेवाबाईने नवी मोरपंखी साडी नेसली होती. दोनदा म्हणाली, "मन्हा बी एक काढा ना." दोनदा तो म्हणाला, "जराशी बाजूले व्हय, उजेड चालना जाई." आणि ऊन आलं तेव्हा ही बया तुरुतुरु पायऱ्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. थेट त्याच्याकडे तोंड करून, दात दिसतील अशी हसत. ढग पुन्हा यायच्या आत हिलालने बटण दाबलं. ऊन असलेला तेवढा एकच फोटो मिळाला.

त्याला सगळं आठवलं. "गायत्री!" त्याने हाक मारली, "सापडी गया! तुन्ही मायना फोटो सापडी गया!"

गायत्री धावत आली. हिलालने फोटो उघडला. चर्च होतं, ऊन होतं. पायऱ्या मोकळ्या होत्या.

"कोठे शे माय?" गायत्रीने विचारलं.

त्याने चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. चौथ्या पायरीला एक बारीक तडा होता. तसाच्या तसा तडा पाचव्या पायरीला होता, सहाव्यालाही. शेजारची पायरी उचलून इथे चिकटवलेली, आणि हात त्याचाच. चेहरा नको ना शेठला. घरी आल्या आल्या त्याने तिला पुसलं होतं, पायांपासून सुरुवात करून, आणि जुन्या फोटोवरच नवा साठवला होता. दोन दोन प्रती ठेवून जागा कोण अडवणार. रेवाबाई तेव्हा शेजारीच उभी होती, हातात चहाची कपबशी. आपली साडी, आपला हात, आपलं हसू एकेक करून जाताना बघत होती. आणि म्हणाली होती, "आते कसं साफ दिसस!"

हे त्याने सांगितलं तसं गायत्रीला रडू आलं. हिलाल मात्र रडला नाही, त्याला रडण्याचीही लाज वाटत होती. त्या वर्षी ते पान तालुक्यातल्या घराघरात लागलं होतं आणि शेठने त्याची पाठ थोपटली होती.

बाराव्याच्या आदल्या दिवशी त्याने रेवाबाईचं आधार कार्ड मागून घेतलं. स्कॅन केलं, मोठं केलं. घामेजलेला चेहरा, विस्कटलेले केस, भेदरून ताणलेले डोळे, मागे पडद्यावर ओलीचा डाग. गायत्रीला बघवेना.

"नाना, केस तरी नीट करा. मांगला डाग तरी पुसा."

हिलालचा हात माउसवर गेला आणि तिथेच थांबला. मग त्याने तो काढून घेतला.

"नही, बेटा," तो म्हणाला. "आते तिन्हं काहीच पुसानं नही."

आणि त्याने फोटो होता तसाच छापला.