एक दाणासुद्धा नको!

माझ्या चार वर्षांच्या तनूला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. हे कळल्यापासून आमच्या खोडदच्या घरात नि आळीत इतके किस्से झालेत की गोणी भरेल. बायका ऐकून हसतात. मी मात्र घरात आलेला प्रत्येक डबा उघडून बघते!

पहिल्यांदा चिक्की खाल्ली तेव्हा तिचे ओठ सुजले, श्वास घेता येईना. नारायणगावला दवाखान्यात पोचेपर्यंत माझ्यात जीव नव्हता. डॉक्टर म्हणाले, "वाचली. पण यापुढे एक दाणासुद्धा नको."

येताना सासूबाई म्हणतात, "डॉक्टर नवा दिसतोय. आमी पोत्यानं शेंगा खाल्ल्या, कुणाला काय झालं व्हतं?"

*

शेजारच्या मंदाकाकू तनूसाठी साबुदाण्याची खिचडी घेऊन आल्या.

"काकू, शेंगदाणे नाहीत ना?"

"छ्या! एक दाणा न्हाई. तुझ्या पोरीचं म्हाईत हाय ना मला."

मी चमच्यानं उकरून बघितलं. "मग हे काय?"

"त्यो कूट हाय!"

*

नणंद म्हणाली, "वहिनी, ॲलर्जी मलापण हाय. दूध पिलं की पोट फुगतं. तरी च्या पितेच ना? तनूलाबी थोडं थोडं देऊन सवय लाव."

मी डॉक्टरांना विचारलं. ते ओरडलेच! "त्यांना दूध पचत नाही, ती ॲलर्जी नव्हे. तनूचं शरीर दाण्याला शत्रू समजून लढायला उठतं. घरी असले प्रयोग करायचे नाहीत!"

नणंदेला तसं सांगितलं.

"म्हंजे मला ॲलर्जी न्हाईच?"

आठवडाभर माझ्याशी बोलली नाही!

*

दिवाळीत सासऱ्यांनी ओसरीवर बसून तासभर चिवड्यातले दाणे वेचले. डबा माझ्या हातात दिला. "घे, आता दे पोरीला बिनघोर."

एवढ्या मायेनं केलेलं! पण दाण्याचा चुरा सगळीकडे लागलेला. काय करणार? चिवडा म्हशीपुढे टाकला.

सासरे म्हणाले, "मंग म्हशीला चालतंय व्हय?"

*

परवाच्या एकादशीला कीर्तनकार महाराज घरी आले. आधीच्या घरी फराळ करून आले होते. आळीतल्या सगळ्या बाया पाया पडायला जमलेल्या. सासूबाई सगळ्यांच्या आधी पाया पडल्या. महाराजांनी तनूला जवळ घेतलं, गालाला हात लावणार, एवढ्यात सासूबाईंनी त्यांचं मनगट धरलं!

"महाराज, फराळाला काय व्हतं?"

"शेंगदाण्याचे लाडू होते, माउली."

"मंग आदी हात धुवा. आशीर्वाद मागनं!"

मला तर जमीन फाटेल तर बरं, असं झालं. महाराज उठून मोरीकडे गेले.

सासूबाई मागनं ओरडल्या, "साबण लावून!"