नाव मलिकाचं, हवा कार्डाची

चंद्रपुरात नवाब शेखचं दुकान होतं, 'मलिका व्हिडिओ मिक्सिंग'. दुकान कसलं, घराचीच पुढची खोली. मागच्या खोलीत बायको मलिका, थोरली गुड्डी आणि सात महिन्यांची अरीबा. पाटीवर बायकोचं नाव लावलं म्हणजे बायकोचं सगळं केलं, अशी नवाबची प्रामाणिक समजूत होती. कोणी ती समजूत खोडायला गेलंच, तर तो पाटीकडे बोट दाखवायचा.

धंदा लग्नाच्या कॅसेटींचा. कोणी ऊर्जानगरातून, कोणी भद्रावतीहून शूटिंग आणून द्यायचं. नवाब त्यात गाणी भरायचा, नवरा-नवरीची नावं गरगर फिरवत आणायचा, बदामात चेहरे बसवायचा. पण त्याचा खरा जीव गुलाबांवर. वरून गुलाब पडले नाहीत तर ते लग्न लागलंच नाही, असं त्याचं मत. कॉम्प्युटर मात्र जुना. एक गुलाब टाकला की पडद्यावरचं चित्र लंगडायला लागायचं. फूल नीट पडतंय की नाही हे बघायचं तर आधी तो तुकडा रेंडर करा, म्हणजे कॉम्प्युटरला एकेक चित्र नव्यानं रंगवू द्या, आणि तोवर चहा पीत बसा.

मग २००७ साली त्यानं नागपूरहून ग्राफिक्स कार्ड आणलं. चित्रं रंगवायचं ओझं हे कार्ड स्वतःच्या अंगावर घेतं. त्यामुळे गुलाब टाकल्याबरोबर सरसर पडताना दिसतो, आणि रेंडरही लवकर उरकतं. इथवर सगळं खरं. शहाणा माणूस असता तर काम उरकून पोरीला खांद्यावर घेऊन बसला असता. नवाबनं गुलाब वाढवले. दिसतात ना, मग टाका! एकाचे पन्नास झाले, पन्नासांना सावल्या आल्या, सावल्यांना चकाकी आली, आणि रेंडरला पुन्हा होता तेवढाच वेळ लागू लागला.

"मलिका, पाह्य, पाह्य! नागपूरवाले बी असं नाई करत."

मलिकानं पडदा नीट न्याहाळला. "अजी, नवरी कुठी हाय?"

"फुलांच्या मांगं हाय ना."

मे लागला. चंद्रपूरचा मे ज्यानं भोगला त्याला सांगायला नको, आणि ज्यानं भोगला नाही त्याला सांगून कळायचं नाही. कार्ड तापू लागलं. रेंडर अर्ध्यावर आलं की कॉम्प्युटर फटकन बंद. त्याच दिवसांत अरीबाच्या अंगावर घामोळ्या उठल्या. पोरगी दिवसभर किरकिर करायची, झोप म्हणून लागायची नाही. घरात कूलर एकच, तो मागच्या खोलीत. नवाबनं तो ओढत दुकानात आणला.

"पोरगी तडफडून राह्यली, अन् तुम्ही कूलर कुठी नेऊन राह्यले?"

"बापूरावच्या विक्कीच्या लग्नाची कॅसेट द्यायची हाय. कार्ड लय गरम होते. त्याले हवा पायजे."

"अन् हिले?"

"हिले पंखा हाय ना! कार्ड नाजूक असते."

सात महिन्यांचं लेकरू दणकट, आणि नागपूरहून आलेलं कार्ड नाजूक! मलिकाचा नुसता संताप झाला. ती ओल्या फडक्यानं पोरीला पुसत बसायची आणि गुड्डी पुठ्ठ्यानं वारा घालायची. भिंतीपलीकडे कूलर घरघरत असायचा. त्यात पाणी भरायचं ते मात्र मलिकानंच, कारण साहेबांना गुलाबांतून उठायला फुरसत नव्हती. नाव मलिकाचं, पाणी मलिकाचं, हवा कार्डाची.

एवढ्यावर भागलं असतं तर तो नवाब कसला? त्यानं कॉम्प्युटरचं बाजूचं झाकणच काढलं आणि कूलरचं तोंड सरळ आत केलं. आता हा पाण्याचा कूलर, आणि हे कोळशाचं गाव. इथली काळी धूळ बंद कपाटातल्या चादरीवरही बसते. कार्डावर तर तिचा थरच होता. त्यावर तुषार उडू लागले. काही दिवस रेंडर झकास चाललं, तेव्हा दुकानात येईल त्याला नवाबनं आपली अक्कल दाखवली. मग एका दुपारी पडद्यावरचे गुलाब हिरवे झाले, हिरव्याचे चौकोन झाले आणि सगळं काळं पडलं.

दुरुस्तीवाला बिरजू आला. त्यानं कार्ड काढून उजेडात धरलं, नखानं खरवडलं आणि आधी पोटभर हसून घेतलं.

"नवाबभाऊ, याच्यावर रोवणी करता काय? एवढा चिखल तर आमच्या धानाच्या बांधीत बी नाई राहात!"

"दुरुस्त होते ना?"

"नाई होत. आता याच्यात धानच लावा."

संध्याकाळी बापूराव आला. त्याला नवाबनं कार्डाची सगळी करुण कहाणी ऐकवली. बापूरावनं ती सभ्यपणे ऐकली.

"ते फुलंबिलं राहू द्या भाऊ," तो म्हणाला. "आमचे मानसं दिसले म्हंजे झालं." आणि तो शूटिंगची होती तशी साधी कॅसेट घेऊन गेला.

मलिकानं कोणाला काही विचारलं नाही. गुड्डीला हाताशी घेतलं, कूलर ढकलत मागच्या खोलीत नेला आणि चालू केला. दुसऱ्या दिवशी दुपारी अरीबा कितीतरी दिवसांनी गाढ झोपली होती. नवाब पडलेल्या तोंडानं आत आला आणि कूलरसमोर बसला. हवा लागली तसा हळूहळू खुलला.

"थंडगार हाय इथी. नवीन कार्ड आलं का कॉम्प्युटर इथीच आणू काय?"

मलिकानं पावडरचा डबा त्याच्या हातात दिला आणि पोरीचं झबलं वर केलं.

मान ते कंबर, पाठीवर बोट टेकवायला जागा नव्हती. कुठं अंथरुणाला घासून घासून फोड फुटले होते. कार्ड किती तापलं ते हा माणूस उठता-बसता हात लावून बघायचा. पोरीच्या पाठीला त्या उन्हाळ्यात त्याचा हात पहिल्यांदाच लागत होता.

"हे कवा झालं?" त्यानं विचारलं.

"तुमचे गुलाब पडून राह्यले होते तवा," मलिका म्हणाली. "पावडर लावून झाली का कूलरात पाणी भरा."