विहीणबाईंनी पसरलेला पदर

खरं सांगू का, आम्हाला भीती सुईची नव्हतीच. भीती होती बोल लागायची.

कोरोनाचा काळ. माझ्या लेकीला पाचवा महिना लागलेला. आधीचं एक तिसऱ्यातच गेलेलं, त्यामुळे सगळेच ताक फुंकून पीत होतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता गरोदर बायकांनाही लस देतात, घेऊन टाका. लेक म्हणाली, "आई सांगेल तसं." मी म्हटलं, "तुझ्या घरच्यांना विचार." जावई म्हणाले, "बाळंतपण तुमच्याकडे नेरूळला, तुम्हीच ठरवा." झालं, टोलवाटोलवी सुरू! आणि आमच्याच सोसायटीतली एक पोटुशी मुलगी तेव्हा ऑक्सिजनवर होती.

सातव्यात ओटी भरायला विहीणबाई आल्या. त्या इथल्याच, खाडीकाठच्या गावातल्या. सुनेला डोहाळे लागलेले म्हणून जवळा परतून आणलेला, घरभर वास. हळदकुंकू झालं आणि त्या एकदम माझ्याकडे वळल्या.

"विहीनबाई, पोरीला लस देऊया. काय वाईट झाला तर बोल मना लावा." असं म्हणून चार बायकांच्या देखत त्यांनी माझ्यापुढे पदर पसरला. "घाला यात."

मी "उद्याच जाऊ" एवढंच म्हणाले. एरवी तोंड न मिटणारी मी, म्हणजे बघा!

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी रिक्षाने लसीकरणाला गेलो. तिथे कळलं, विहीणबाईंनी स्वतःच अजून घेतलेली नाही! "आदी मना टोचा," म्हणाल्या, आणि सुनेचा हात असा आवळला की नर्स हसली, "आजी, दोघींत गरोदर कोण?"

संध्याकाळी लेकीला ताप भरला. विहीणबाईंचे फोनवर फोन. "उतरला का? बाळ फिरतं का पोटात?" तेव्हा मला उमजलं, ही बाई काही धीट नव्हती. माझ्याइतकीच घाबरलेली होती, तरी माझ्या मनावरचं ओझं तिने आपल्या पदरात घेतलं होतं. सकाळी ताप गेला, बाळाने लाथही मारली. मी आधी फोन त्यांना लावला.

नात झाली. नर्सने तिला दुपट्यात गुंडाळून बाहेर आणलं तेव्हा मीच पुढे होते, हातही पुढे केले होते. पण मागे सरले.

"विहीणबाई, पसरा पदर."

त्यांचे डोळे भरून आले. तोंड मात्र कुठलं गप्प बसायला! "पसरते. पन पोर तुमच्यावानी बडबडी निघाली, तर तो बोल तुमचा हाय."

निघालीच हो तशी.