समोरच्या काकूंचं गोंदण

मुलांनो, मॉरिसव्हिलच्या आपल्या जुन्या घरासमोर राहणाऱ्या काकूंइतकी पुढची काळजी आधी करणारी बाई अख्ख्या अमेरिकेत दुसरी नसेल. तुम्हाला त्या आठवत असतील तर चकल्यांसाठी. मला आठवतात त्या त्यांच्या ‘अन् मग नंतर?’ या प्रश्नासाठी. मूळच्या नागपूरच्या. मिक्सर घेताना त्या विक्रेत्याला विचारत, दहा वर्षांनी हा बिघडला तर सुटे भाग कुठे मिळतील? मुलाने फोनवर सांगितलं की त्याने मुलगी पसंत केली आहे, तेव्हा यांचा पहिला प्रश्न, “छान झालं. अन् मग नंतर? भांडण झालं की ती बोलते का गप्प बसते?” शिवाय एका उत्तरावर त्यांचं भागत नसे. तोच प्रश्न त्या आणखी कुणाला तरी विचारत, नाही तर दुसऱ्या कुणाला विचारायला लावत, आणि दोन्ही उत्तरं जुळली तरच विश्वास ठेवत.

तुमच्यातल्या थोरलीच्या जन्माच्या वेळी, २००१ साली, मी भारतातून तिकडे आले होते. त्या उन्हाळ्यात काकूंच्या डाव्या स्तनात छोटी गाठ निघाली. गाठ तेवढी काढली, आणि रोग तिथे परतू नये म्हणून काही आठवडे रोज किरणं द्यायचं ठरलं. काकूंनी अर्थातच विचारलं, “अन् मग नंतर?” डॉक्टरीणबाई प्रामाणिक होत्या. म्हणाल्या, पुष्कळ वर्षांनी किरणांमुळेच दुसरा कॅन्सर होण्याची थोडी शक्यता असते. पण आज किरणं न घेण्यात त्याहून बराच मोठा धोका आहे. झालं. काकूंनी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं धरून ठेवलं आणि किरणांना साफ नकार दिला. नर्सला विचारलं, तिचं उत्तर तंतोतंत जुळलं, तरी बाई हलेनात.

शेवटी काका बोलले. काका म्हणजे दिवसाला चार वाक्यांत भागवणारे इंजिनिअर. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, “नंतरचं नंतर बघू. मला तू आत्ता हवी आहेस.” मी तिथेच पोळ्या लाटत होते, माझं लाटणं थांबलं. “एवढं बोलायला पंचवीस वर्षं लावली का, बाप्पा,” काकू म्हणाल्या, आणि दुसऱ्याच दिवशी होकार कळवून आल्या.

यंत्राचा नेम रोज त्याच जागी बसावा म्हणून त्यांच्या अंगावर शाईच्या खुणा केल्या आणि त्या पुसू नका असं बजावलं. मध्येच दिवाळी आली. नरकचतुर्दशीला बाईंनी पहाटे उठून तेल, उटणं, कढत पाणी असं साग्रसंगीत अभ्यंगस्नान केलं, आणि सगळ्या खुणा मोरीत वाहून गेल्या. किरणं देणाऱ्या मुलीने डोक्याला हात लावला. काकूंनी तिच्यापुढे चकल्यांचा डबा ठेवला आणि समजावलं, “आज न्हालं नाही तर नरकात जावं लागतं. यू वाँट मी टू गो देअर?” मोजमाप पुन्हा झालं, आणि या वेळी सुईने टोचून न पुसणारे बारीक ठिपके काढले. संध्याकाळी मला म्हणाल्या, “ताई, माझ्या आजीने जत्रेत गोंदून घेतलं होतं. मी अमेरिकेत येऊन गोंदून राहिली.”

त्यानंतर मी पुन्हा आले २००८ साली. आले तर कळलं, नेहमीच्या तपासणीत काकूंच्या उजव्या बाजूला नवी गाठ दिसली आहे. काकू शांत होत्या. काका मात्र चार वाक्यांवरून शून्यावर आले होते आणि धड जेवतही नव्हते. कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला ठेवायला आले तेव्हा मला एवढंच म्हणाले, “ती नको म्हणत होती. मीच घ्यायला लावली किरणं.”

काकूंना हे न सांगताच कळलं. त्या काकांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. सोबत मीही होते. काकूंनी सरळ विचारलं, ही गाठ त्या किरणांमुळे झाली का? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एका माणसाबद्दल खात्रीने कुणालाच सांगता येत नाही. पण अशा बहुतेक गाठी किरणं न घेताही होतात. ही लहान आहे, लवकर सापडली आहे, आणि पूर्वी किरणं घेतली म्हणून हिच्यावर उपचार कमी लागू पडतील असंही नाही. काकू नवऱ्याकडे वळल्या. “आता तुम्ही विचारा.” काकांनी चाचरत तोच प्रश्न विचारला. डॉक्टरीणबाईंनी न कंटाळता तेच उत्तर दिलं. “जुळलं,” काकू म्हणाल्या. “आता घरी चला अन् पोटभर जेवा.”

गाठ काढून पुन्हा किरणं सुरू झाली, आणि त्याही वर्षी ती चालू असतानाच दिवाळी आली. पहाटे मी उटण्याची वाटी घेऊन समोर गेले, तर गालिच्यावर वर्तमानपत्र पसरून काका खाली बसले होते आणि काकूंच्या पायांना तेल लावत होते. हात आधीच झाले होते. बाकी कुठे तेलाचा थेंब नाही.

“अहो, खांद्यालाही लावा की,” काकू म्हणाल्या. “गोंदलंय ते, पुसत नाही.”

“असू दे,” काका म्हणाले, आणि पुन्हा घोट्यापासून सुरुवात केली.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता त्यांचं ‘अन् मग नंतर?’ येणार. पण त्यांनी नुसता दुसरा पाय पुढे केला.