वाइनची हवा आणि आमचे व्याही

कोणतीही गोष्ट तपासल्याशिवाय खरी मानायची नाही असं म्हणणारी माणसं पुण्यात पेठेपेठेत सापडतील. पण स्वतःची स्तुतीसुद्धा तपासून घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्या मुलीचा सासरा निघाला. त्यांच्या साठीशांतीला एका स्नेह्याने भाषणात त्यांना 'अजातशत्रू' म्हटलं, तेव्हा व्याह्यांनी बसल्या जागेवरून हात वर केला आणि विचारलं, "हे तुम्ही कोणाकोणाला विचारून ठरवलंत?" वक्ते गडबडले, 'निदान नातेवाइकांत तरी' अशी दुरुस्ती करून खाली बसले. व्याही माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "तेही चूकच आहे."

त्यांची नोकरी सगळी खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात झाली, तपासनीस म्हणून. तिथे एखादी गोष्ट नजरचुकीने पास झाली तर तिचं फळ दूर कुठेतरी सीमेवरच्या कोणालातरी भोगावं लागणार, ही जाणीव त्यांच्या हाडात मुरलेली. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, तपासणी राहिली. आमच्या मृणालला बघायला आले तेव्हा त्यांनी तिला एकही प्रश्न विचारला नाही. बैठकीच्या खोलीची भिंत मात्र बोटाच्या पेराने ठोकून पाहिली आणि "गिलावा पोकळ आहे, पडणार," असं सांगून शांतपणे पोहे खायला बसले. गिलावा खरंच पडला, पण तोवर लग्न होऊन गेलं होतं. लग्नात मंगलाष्टकं चालू असताना सगळे अक्षता टाकत होते, आणि नवऱ्या मुलाचा बाप मांडवाच्या खांबाला दोन्ही हातांनी लोंबकळून तो हलतो का ते बघत होता. डॉक्टरांनी रक्तदाब घेतला की ते दुसऱ्या दंडावर पुन्हा घ्यायला लावत, आणि मग डॉक्टरांना स्वतःचाही घ्यायला सांगत. म्हणजे दोष यंत्राचा की माणसाचा हे कळतं, असं त्यांचं म्हणणं. आमच्या हिने पहिल्या दिवाळसणाला केलेल्या चकल्या त्यांनी खाण्याआधी कानाजवळ मोडून पाहिल्या. ही आत येऊन मला म्हणाली, "चकलीचा आवाज ऐकणारा माणूस पहिल्यांदा बघितला." पण तिसरी चकली मोडल्यावर ते "उत्तम" म्हणाले, आणि त्या एका शब्दावर ही वर्षभर खूश होती. कारण ते 'उत्तम' म्हणाले म्हणजे ती गोष्ट उत्तम असायचीच. जीभ खोटं बोलण्यासाठी वळतच नसे त्यांची.

अशा बापाच्या पोटी आमचा जावई जन्मला. मुलगा हुशार, लाघवी, आणि कोणत्याही नव्या गोष्टीवर बघताक्षणी विश्वास ठेवणारा. वारज्याच्या शेतांतून इमारती उगवत होत्या आणि हिंजवडीकडे जाणाऱ्या बसमधून अर्धं पुणं सकाळी डुलक्या घेत जात होतं, तेव्हाची ही गोष्ट. जावई त्याच बसमधला. कंपनीने त्याला अमेरिकेला पाठवलं की तो येताना काहीतरी घेऊन यायचा: लसूण सोलायची नळी, अंड्याचे काप करायची तार. व्याही ती दोन दिवस वापरून बघत आणि तिसऱ्या दिवशी वस्तू माळ्यावर जाई.

एका खेपेला तो वाइनचा एअरेटर घेऊन आला. हातात मावेल एवढं पारदर्शक नरसाळं होतं ते. एका हाताने ते पेल्यावर धरायचं आणि वरून वाइन ओतायची. बाजूच्या बारीक भोकांतून हवा आत शिरते आणि वाइन गुळण्या केल्यासारखा आवाज करत खाली उतरते.

"वाइनला ब्रीद करू द्यावं लागतं, बाबा," जावई म्हणाला. "नाहीतर बाटली उघडून तासभर थांबा. याने एका सेकंदात होतं. चव मोकळी होते."

"श्वास घेणारी वस्तू मी पीत नाही," व्याही म्हणाले. खडकीत जन्म गेल्यामुळे रम त्यांना ठाऊक होती, पण वाइनशी ओळख नव्हती. मुलाला नरसाळ्यातून वाइन ओतायला लावून त्यांनी कान जवळ नेला आणि तो आवाज ऐकला. "या वाइनचा घसा बसलाय."

आम्ही हसलो. जावई हसला नाही. त्याने मान खाली घालून सांगितलं, की तो नोकरी सोडून या यंत्राची एजन्सी घ्यायच्या विचारात आहे. नाशिककडे वाइन व्हायला लागली आहे, पुण्यात लोक प्यायला लागले आहेत, आज ना उद्या घरोघरी हे लागेल.

 मृणालला दिवस गेलेले होते. विहीणबाईंनी पदराने चेहरा पुसला. मी मनात धरणी दुभंगायची वाट बघत होतो, आणि व्याही म्हणाले, "रविवारी तपासू."

रविवारी दुपारी आम्ही दोघं नवराबायको वारज्याला त्यांच्या घरी पोचलो तेव्हा जेवणाचं टेबल भिंतीला लावून त्यावर स्टीलची फुलपात्रं मांडलेली होती. काचेच्या पेल्यात रंग दिसतो, माणूस रंगावरून मत बनवतो, म्हणून स्टील. मृणाल प्यायची नव्हती, त्यामुळे ओतायचं काम तिच्याकडे. स्वयंपाकघराचं दार लावून, म्हणजे गुळण्यांचा आवाज बाहेर यायला नको. एका फुलपात्रात नुसती वाइन आणि एकात यंत्रातली. एवढ्यात विहीणबाई म्हणाल्या, "हवाच लागायला हवी ना तिला? मग चहा गार करतो तशी दोन भांड्यांत वरखाली करा की." व्याह्यांनी त्यांच्याकडे आदराने पाहिलं आणि तिसरं फुलपात्र मांडलं.

आमच्या हिने आणि विहीणबाईंनी आधी साफ नकार दिला. व्याही म्हणाले, "हे पिणं नाही, तपासणं आहे." त्या शब्दाने दोघींची सोय झाली. हिने पहिला घोट घेऊन "आंबलेलं कोकम" असा शेरा दिला, दुसऱ्याला "तेच, पण जरा कमी आंबलेलं" म्हणाली, आणि तिसऱ्याला "काल आणलेलं असतं तर बरं झालं असतं" असं काहीतरी म्हणाली, ज्याचा अर्थ तिलाही पुढे सांगता आला नाही. विहीणबाईंना आधी तिन्ही कडू लागल्या. फुलपात्रांच्या जागा बदलून दुसरी फेरी झाली तेव्हा त्यांना तिन्ही बऱ्या लागल्या, आणि त्यांनी आपण होऊन तिसऱ्या फेरीची चौकशी केली. मी प्रत्येक फेरीला वेगळं फुलपात्र निवडलं आणि प्रत्येक वेळी माझी खात्री होती.

जावई मात्र गंभीर होता. त्याने डोळे मिटून घोट तोंडात फिरवला, आणि पहिल्याच फेरीत एक फुलपात्र उचलून धरलं. "हेच. हे एअरेटरचं. बघा, किती मऊ झालीय."

मृणाल दारात उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे. "हे आईंच्या पद्धतीने वरखाली केलेलं आहे," ती हळूच म्हणाली.

दुसऱ्या फेरीत त्याने नुसत्या वाइनला यंत्रातली म्हटलं. तिसऱ्या फेरीत त्याने हात लावला नाही.

व्याह्यांनी नरसाळं फडक्याने कोरडं पुसलं आणि टेबलावर ठेवलं. "फरक नाही," ते म्हणाले. "रिजेक्ट."

जावई उठून बाल्कनीत गेला.  दोन विहिणी, ज्या क्षणापूर्वी एकमेकींना टाळ्या देत होत्या, उगाच फुलपात्रं गोळा करू लागल्या. मग व्याही उठले आणि जाताना मला खुणेने बरोबर बोलावलं. मला वाटतं, एकट्याने जायला ते घाबरले होते.

"तुम्ही कधीच पास म्हणाला नाहीत, बाबा," जावई बाहेर बघत म्हणाला. "दहावीचा निकाल लागला तेव्हा तुम्ही गुणांची बेरीज करून पाहिलीत."

"बरोबर होती," व्याही म्हणाले.

"ते मलाही माहीत होतं."

व्याही कठड्याला धरून उभे राहिले, आणि चमत्कार असा की त्यांनी तो हलवून पाहिला नाही. मग म्हणाले, "एक विचारू? तू नोकरी सोडतोयस ती या यंत्रासाठी, की सोडायचीच आहे आणि यंत्र हाताला लागलं?"

 जावयाचा चेहरा लहान मुलासारखा झाला. "सोडायचीच आहे. मी कंटाळलोय, बाबा. रोज सकाळी बसमध्ये चढलो की उतरून घरी यावंसं वाटतं."

"मग तसं सांग की. त्याला काय नरसाळं लागतं?" व्याही म्हणाले. "सोड. मूल होईल तेव्हा घरी लागशीलच तू."

ही एवढीच त्यांची संमती. आशीर्वाद वगैरे शब्द निघाले नाहीत. पण आत येऊन त्यांनी बाटलीत उरलेली वाइन स्वतःच्या हाताने मुलाच्या फुलपात्रात ओतली, थोडी माझ्या, थोडी आपल्या, आणि कुठलीही नोंद न घेता आम्ही ती प्यालो. मला ती फार छान लागली.

जावयाने पुढे तीन-चार उद्योग करून पाहिले आणि शेवटी वारज्यातच पाणी तपासायची प्रयोगशाळा काढली. नव्या इमारतींना टँकरने पाणी येत असे, ते पिण्याजोगं आहे का हे कोणीतरी सांगायला हवंच होतं. उद्घाटनाला व्याह्यांनी नारळ फोडला, आणि दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळी तिथे जाऊन बसू लागले. लोक पाण्याचा अहवाल घ्यायला येत आणि व्याह्यांकडून नळ, टाकी, मुलींची स्थळं आणि मुलांच्या शिक्षणाबद्दलही निकाल घेऊन जात. नातही तिथेच काचेच्या नळ्यांच्या गराड्यात वाढली. जावई हिशेबात कच्चा निघाला, पण तपासण्यात बापासारखा.

अलीकडे व्याह्यांची दृष्टी अधू झाली आहे. मधलं दिसत नाही, कडेकडेचं अंधुक दिसतं, असं ते सांगतात. प्रयोगशाळेत जाणं त्यांनी स्वतःच बंद केलं. आता मी आठवड्यातून एकदा वारज्याला जातो आणि आम्ही दोघं टेकडीच्या पायथ्याने फिरून येतो. त्यांच्या एका हातात काठी, दुसऱ्या हातात माझं कोपर. वाट खडबडीत आहे, महापालिकेने कुठे फरशी घातली आहे, कुठे घालायची विसरली आहे. परवा परतताना ते एके ठिकाणी थांबले. समोर नुसतं ऊन होतं.

"पुढे पायरी आहे का?"

"नाही," मी म्हणालो, "सपाट आहे."

त्यांनी काठी उचलून काखेत धरली आणि पाऊल टाकलं.